‘गौण’ म्हणविलेल्या प्रथिनांचा इतिहास

राज्याचा इतिहास लिहावयास बसलें म्हणजे राजा, प्रधान व सेनापति यांच्याकडे लेखकाची दृष्टि प्रथम जाते; हुजरे, जासूद, दरवाजावरील पहारेकरी यांचीं नांवें बखरींत क्वचितच सांपडतात. परंतु एखादा किल्ला पडला कसा, हें नीट शोधूं लागलें म्हणजे पुष्कळ वेळां असें आढळतें कीं, दिंडी उघडून देणारा कोणी नगण्य मनुष्यच होता. शास्त्राच्या इतिहासांतही असा प्रकार घडतो. एड्सच्या विषाणूंतील जीं चार प्रथिनें ‘गौण’ म्हणून प्रथम बाजूस सारलीं गेलीं, त्यांची हकीकत या दृष्टीनें आम्हांस बोधप्रद वाटते. ती वाचकांपुढें थोडक्यांत मांडावी, असा आमचा हेतु आहे.

१९८१ च्या जून महिन्यांत अमेरिकेंतील लॉस एंजेलिस येथील पांच तरुणांच्या विलक्षण न्यूमोनियाचें वृत्त प्रसिद्ध झालें. १९८३ सालीं पॅरिसच्या पाश्चर संस्थेंत फ्रांस्वाज बारे-सिनुसी, ल्यूक माँतान्ये व त्यांचे सहकारी यांनीं या रोगाचा विषाणु वेगळा काढला. आपल्या देशांतही १९८६ सालीं मद्रास येथें डॉ. सुनीति सॉलोमन व त्यांची विद्यार्थिनी सेल्लप्पन निर्मला यांनीं या संसर्गाचा प्रथम पत्ता लावला. तेव्हां हें संकट परक्यांचें, असें म्हणण्यास जागा उरली नाहीं.

१९८५ सालीं विषाणूची जनुकलिपि वाचून झाली होती. ती अवघी सुमारें ९,७०० अक्षरांची. मनुष्याची लिपि तीनशें कोटींच्या घरांत जाते. एवढ्याशा लिपींत नऊ जनुकें निघालीं. गॅग, पोल व एन्व्ह हीं तीन विषाणूचा देह व त्याचीं हत्यारें घडवितात. टॅट व रेव्ह हीं दोन त्याचा कारभार हांकतात. राहिलीं चार: व्हिफ, व्हीपीआर, व्हीपीयू व नेफ. प्रयोगशाळेच्या कांचपात्रांत वाढविलेल्या कित्येक जातींच्या पेशींत या चारांपैकीं एखादें काढून टाकलें तरी विषाणूची वाढ बिनदिक्कत चाले. यावरून त्यांस ‘गौण’ हें विशेषण चिकटलें. नेफचें नांव तर ‘विरोधी घटक’ या अर्थाच्या इंग्रजी शब्दांवरून बनविलेलें. तें विषाणूच्या वाढीस आवर घालतें, असा आरंभीं समज होता. कांचपात्रांत रोगप्रतिकारशक्ति नसते, ही गोष्ट मात्र या निर्णयांत हिशेबाबाहेर राहिली. जेथें शत्रूच नाहीं, तेथें ढालीची किंमत कळावी कशी?

ती किंमत १९९१ सालीं कळली. रोनाल्ड डेरोझिए व त्यांचे सहकारी यांनीं माकडांच्या सजातीय विषाणूमधून नेफचा भाग कापून टाकला व तो विषाणु माकडांस टोंचला. माकडांस संसर्ग झाला, परंतु विषाणूची संख्या अल्प राहिली व तीं माकडें धडधाकट राहिलीं. ज्या विषाणूच्या नेफमध्यें केवळ एका अक्षराचा बिघाड केला होता, त्यानें माकडाच्या शरीरांत शिरल्यावर तो बिघाड लवकरच दुरुस्त करून घेतला! ज्यास शास्त्रज्ञ अनावश्यक म्हणत होते, त्यावांचून विषाणूचें चालत नव्हतें.

येथूनच एका मोठ्या आशेचा उगम झाला. नेफ काढलेला विषाणु जर रोग करीत नाहीं, तर देवीच्या लशीप्रमाणें त्याचीच लस कां करूं नये? १९९२ सालीं अशा दुर्बल विषाणूनें टोंचलेलीं माकडें पुढें बलवान् विषाणूच्या हल्ल्यांतूनही बचावलीं. १९९५ सालीं ऑस्ट्रेलियांतून आणखी एक वृत्त आलें. सिडनी येथें एका दात्याचें रक्त ज्यांस दिलें गेलें, त्यांस संसर्ग होऊनही वर्षानुवर्षें रोग जडला नव्हता. त्यांच्या विषाणूंतील नेफचा भाग गळालेला होता. १९९७ सालीं तर अमेरिकेंतील कित्येक डॉक्टर अशी लस स्वतःस टोंचवून घेण्यास पुढें सरसावले. त्यांच्या धैर्याविषयीं आम्हांस आदर वाटतो.

परंतु १९९५ सालींच रूथ रुप्रेक्ट व त्यांच्या सहकाऱ्यांनीं दाखविलें होतें कीं, तोच प्रकार दुर्बल विषाणूनें माकडांच्या नवजात पिलांवर केला असतां तीं आजारी पडतात. सिडनीच्या मंडळींपैकीं कांहींच्या रक्तांत विषाणु मोजण्याइतकाही आढळेना हें खरें. तथापि चौदा ते अठरा वर्षें लोटल्यावर खुद्द दात्याच्या व इतर कांहींच्या रक्षक पेशी घटूं लागल्याचें १९९९ सालीं प्रसिद्ध झालें. शत्रु दुबळा झाला होता, मेला नव्हता. लशीचा तो मार्ग तेथेंच खुंटला.

मग हें नेफ करतें तरी काय? प्रत्येक पेशी आपल्या अंतरंगाचे तुकडे पृष्ठभागावर मांडून ठेवते. ते पाहून मारक पेशी बाधित पेशीस ओळखतात. १९९६ व १९९८ मधील संशोधनानें सिद्ध झालें कीं, नेफ ते तुकडे मांडणारे रेणूच आंत ओढून घेतें व बाधित पेशीस लपवितें. त्यांतही त्याचें चातुर्य असें कीं, तें ‘ए’ व ‘बी’ वर्गांचे रेणू हटवितें, ‘सी’ वर्गाच्या रेणूंस हात लावीत नाहीं. कारण पेशी अगदींच उघडी पडली, तर दुसऱ्या जातीचे रक्षक तिच्यावर तुटून पडतात.

इतरांची कथा याहून नवलाची आहे. व्हिफ कशास लागतें, हें शोधतां शोधतां २००२ सालीं मायकेल मॅलिम यांच्या मंडळीस मनुष्याच्या पेशींतच एक रक्षक प्रथिन सांपडलें. तें विषाणूची लिपि उतरविली जात असतां तींत चुका घुसडून ती निरर्थक करतें. व्हिफ त्यास पेशीच्याच मोडखान्यांत धाडून नष्ट करवितें. २००८ सालीं व्हीपीयूचा माग काढतांना पेशींतून सुटूं पाहणाऱ्या विषाणूंस पृष्ठभागीं जखडून धरणारें दुसरें प्रथिन हातीं आलें. चोराचीं हत्यारें न्याहाळतांना आपल्याच घराच्या कड्याकुलपांची ओळख पटावी, तसें हें झालें.

या विषाणूवर लस आजही नाहीं. औषधें आहेत व त्यांनीं असंख्य प्राण वांचविले आहेत. परंतु तीं नेमानें घेत राहावीं लागतात, कारण लपलेला विषाणु शरीर सोडीत नाहीं. म्हणून त्याच्या लपण्याच्या कलेचा अभ्यास हा केवळ पंडितांचा विनोद नव्हे. गौण कोण व मुख्य कोण, याचा निवाडा लढाईच्या मैदानावरच होतो. जे तो कांचपात्रांत करूं गेले त्यांस तो पुन्हां करावा लागला, आणि त्यांनीं तो केला, यांतच आम्हांस शास्त्राची खरी थोरवी दिसते.