तीन, दोन, तीन, दोन

साठच्या दशकातल्या सिंगल्स जमवणाऱ्याला नुसतं ‘वँड १४३’ म्हटलं तरी पुरतं. पोर्टलंडच्या ‘द किंग्समेन’ या बँडची ही तबकडी. एका बाजूला ‘लुई लुई’, दुसऱ्या बाजूला ‘हाँटेड कॅसल’. सात इंच व्यास, मिनिटाला ४५ फेरे, आणि पावणेतीन मिनिटांत सगळा खेळ खलास. ध्वनिमुद्रण ओबडधोबड आहे. झांजांचा आवाज सगळ्यांवर सांडलेला आहे, गायक खोलीच्या पलीकडच्या टोकाला उभा राहून ओरडत असावा इतका लांब वाटतो, आणि शब्द तर कुणालाच धड कळत नाहीत. पण सुई खाचेत उतरून ते ठोके पडायला लागले की मी आजही हातातलं काम बाजूला ठेवतो. अमेरिकेतल्या गावोगावच्या पोरांनी पुढच्या तीन-चार वर्षांत घरच्या गॅरेजमध्ये जे संगीत केलं, त्याची सगळी हिंमत मला या एका तबकडीत ऐकू येते.

त्या ठोक्यांकडे आधी नीट पाहायला हवं. तीन, दोन, तीन, दोन. झपताल कानात असलेल्याला दोन-तीन-दोन-तीन आठवेल. पण इथे दहा ठोके दहा मात्रांवर बसत नाहीत. ते आठ मात्रांत विखुरलेले आहेत, काही मात्रेवर, काही दोन मात्रांच्या मधल्या जागेत. पाय हलतो तो त्या मधल्या जागांमुळे. कॉर्ड्स फक्त तीन. कालपरवा गिटार हातात घेतलेल्या मुलालाही त्या जमतात.

हे ठोके क्युबाचे. रेने तुसेत हा क्युबन पियानोवादक आणि वाद्यवृंदाचा म्होरक्या अमेरिकेत येऊन स्थिरावला होता. रोसेन्दो रुईझ (धाकटा) याच्या ‘अमारेन अल लोको’ या चालीवरून त्याने ‘एल लोको चा चा’ बांधलं, आणि त्याच्या सुरुवातीलाच ही दहा ठोक्यांची आकृती आहे. पन्नासच्या दशकात चा-चा-चा आणि मांबो यांनी लॉस एंजेलिसची नाचघरं व्यापून टाकली होती. क्युबन-लॅटिन ठेक्यांची लाट तेव्हा जगभर फिरत होती. आपल्याकडे १९५१च्या ‘अलबेला’त सी. रामचंद्रांनी गोव्याच्या चिक चॉकलेटला साथीला घेऊन बोंगो घुमवले, तेही त्याच लाटेतले.

लॉस एंजेलिसजवळच्या अ‍ॅनाहाइममध्ये हार्मनी पार्क नावाचं नाचघर होतं. तिथे ‘रिदम रॉकर्स’ हा बँड वाजवायचा. बँडमधले रिलेरा बंधू फिलिपिनो-मेक्सिकन वंशाचे. ते तुसेतचं ‘एल लोको चा चा’ वाजवत असत. १९५५च्या सुमारास त्यांच्याबरोबर गाणारा वीस वर्षांचा कृष्णवर्णीय गायक रिचर्ड बेरी याच्या डोक्यात ते ठोके अडकले. हाताला लागेल त्या कागदावर त्याने तिथेच शब्द लिहून काढले. जमैकाला आपल्या मुलीकडे परत जायला निघालेला एक खलाशी दारूच्या गुत्त्यावर लुई नावाच्या माणसाला मनातलं सांगतो, एवढाच प्रसंग. चक बेरीच्या ‘हवाना मून’चा प्रभाव त्याने स्वतःच सांगितला आहे.

१९५७ साली ‘फ्लिप’ या छोट्या कंपनीने ते काढलं, क्रमांक ३२१. काढलं तेही मागच्या बाजूवर. पुढची बाजू ‘यू आर माय सनशाइन’ला दिलेली होती. गॅरेजचे भोक्ते ही तबकडी मवाळ म्हणून बाजूला सारतात, ते मला कधीच पटलेलं नाही. तिच्यात तुसेतच्या पियानोची जागा माणसांच्या गळ्यांनी घेतली आहे. ‘फॅरोज’ हे बेरीचे साथीदार ते दहा ठोके तोंडाने म्हणतात आणि बेरी त्यांच्या वरून अगदी सावकाश, जणू गुत्त्याच्या फळीवर कोपर टेकवून गातो. घरची ओढ या गाण्यात आहे हे फक्त याच तबकडीवर कळतं. नंतर ज्यांनी ज्यांनी ते गायलं त्यांनी ओढ टाकून दिली आणि ठोके ठेवले.

दक्षिणेकडच्या या गाण्याने वायव्येला, वॉशिंग्टन राज्यात मूळ धरलं. टॅकोमाच्या ‘वेलर्स’ बँडचा गायक रॉकिन रॉबिन रॉबर्ट्स याला बेरीची तबकडी स्वस्तात काढलेल्या मालाच्या ढिगात सापडली. १९६१ साली त्याने ती वेलर्सच्या साथीने गायली आणि स्वतःच्याच ‘एटिकेट’ या लेबलवर काढली. इथे खलाशी गुत्त्यावरून उठून टेबलावर चढला. गिटारचा तुकडा सुरू होण्याआधी रॉबर्ट्स एक आरोळी देतो. ती आरोळी नंतर किती पोरांनी उचलली याला मोजदाद नाही.

आपल्याकडे चीज गुरूकडून शिष्याकडे जाते; चुकलं तर कान धरायला कुणीतरी समोर असतं. या वंशावळीत तसं कुणी नव्हतं. रॉबर्ट्सला बेरी भेटला तो ढिगातल्या तबकडीतून, आणि किंग्समेनना रॉबर्ट्स भेटला तो ज्यूकबॉक्समधून. ओरेगनच्या किनाऱ्यावरच्या सीसाइड गावातल्या एका क्लबात त्यांनी पाहिलं, की लोक नाणी टाकून टाकून हेच गाणं लावतात आणि नाचतात. गायक जॅक एली याने ते मनात धरलं आणि घरी येऊन साथीदारांना शिकवलं. त्याच्याच सांगण्याप्रमाणे त्याला ते जरा चुकीचं आठवलं: वेलर्सच्या तबकडीवर चार-दोन-चार-दोन असं होतं, त्याने तीन-दोन-तीन-दोन शिकवलं.

या घराण्यातली सगळ्यात सुंदर गोष्ट मला हीच वाटते. तुसेतच्या पियानोवर मुळात तीन-दोन-तीन-दोनच होतं. वाटेत भर पडली, आणि मूळ कधीही न ऐकलेल्या एका पोराच्या विसरण्याने ती पुसली गेली. आकृती पुन्हा क्युबाच्या जागेवर येऊन बसली. इतक्या हातांतून जाऊनही टिकली म्हणजे तिची वीण किती घट्ट असेल!

६ एप्रिल १९६३ रोजी पोर्टलंडच्या एका छोट्या स्टुडिओत किंग्समेननी ते मुद्रित केलं. खर्च सुमारे ५० डॉलर. मायक्रोफोन छताजवळ टांगलेला होता, म्हणून एलीला मान मागे टाकून, टाचा उंचावून गावं लागलं. एकदाच वाजवलं, तेच पक्कं झालं. माइक मिचेलचा गिटारचा तुकडा संपतो तिथे कान द्या: एली एक आवर्तन आधीच तोंड उघडतो, चूक कळताच गप्प होतो, ड्रमवर बसलेला लिन ईस्टन जोरदार भरणा करून ती फट बुजवतो, आणि गाडी पुन्हा रुळावर येते. मोठ्या कंपनीत हा भाग पुन्हा वाजवून घेतला असता. इथे तो खाचेत कायमचा कोरला गेला, आणि पुढच्या कितीतरी बँडनी ती चूकसुद्धा तशीच्या तशी बसवली. त्याच स्टुडिओत, त्याच महिन्यात ‘पॉल रिव्हिअर अँड द रेडर्स’ यांनीही हेच गाणं मुद्रित केलं. त्यांचं वाजवणं अधिक सफाईदार आहे, आणि म्हणूनच मी ते क्वचित लावतो.

तबकडी आधी ‘जर्डेन’ या स्थानिक लेबलवर आली, क्रमांक ७१२, आणि काही महिने जवळपास पडूनच राहिली. मग बॉस्टनचा रेडिओ निवेदक आर्नी गिन्सबर्ग याने ती आठवड्यातली सर्वांत वाईट तबकडी म्हणून लावली. श्रोत्यांना ती हवी झाली. न्यू यॉर्कच्या वँडने तोवर ती देशभरासाठी उचलली होती. डिसेंबरात ती बिलबोर्डच्या यादीत दुसऱ्या क्रमांकावर पोचली; तेव्हा बीटल्स अमेरिकेत उतरायला दोन महिने अवकाश होता. गॅरेजची सुरुवात बीटल्सपासून मोजण्याची पद्धत आहे. बीटल्समुळे बँड निघाले हे खरं, पण वाजवायला काय घ्यायचं ते या पोरांच्या कपाटात आधीच येऊन पडलं होतं.

शब्द कळत नव्हते, म्हणून ज्याला जे हवं ते ऐकू आलं. शाळा-कॉलेजांत अश्लील शब्दांचे कागद हातोहात फिरले. १९६४च्या सुरुवातीला इंडियानाचे गव्हर्नर मॅथ्यू वेल्श यांनी गाणं रेडिओवर लावू नये असं सुचवलं. एका पालकाचं पत्र थेट अ‍ॅटर्नी जनरल रॉबर्ट केनेडींकडे गेलं. एफबीआयने दोनेक वर्षं शंभरावर पानांची फाइल भरली, तबकडी वेगवेगळ्या गतींनी फिरवून ऐकली, आणि कुठल्याही गतीला शब्द लागत नाहीत असा निष्कर्ष काढला. बेरीचे निरागस शब्द फ्लिप ३२१वर स्वच्छ ऐकू येत होते.

पुढची पिढी झपाट्याने वाढली. टॅकोमाच्याच ‘सोनिक्स’नी, वेलर्सच्याच एटिकेटवर, ‘द विच’सारख्या सिंगलमध्ये सगळं फाटेस्तोवर ताणलं. मला विचाराल तर किंग्समेननंतरचा खरा वारस तेच. लंडनच्या ‘किंक्स’नी १९६४ साली ‘यू रिअली गॉट मी’ केलं आणि त्याच वर्षी ‘लुई लुई’ही मुद्रित केलं, दोन्ही लागोपाठ लावली की भाऊबंदकी लपत नाही. १९६६चं ‘ट्रॉग्ज’चं ‘वाइल्ड थिंग’ याच चढउतारावर उभं आहे. १९६५चं ‘मॅकॉइज’चं ‘हँग ऑन स्लूपी’ मात्र दुसऱ्या वाटेने आलं. त्याचा एक रचनाकार बर्ट बर्न्स क्युबन संगीतावर जीव टाकणारा माणूस. ‘ट्विस्ट अँड शाउट’ही त्याचंच. किंग्समेनमध्ये इलेक्ट्रिक पियानो वाजवणारा शाळकरी मुलगा डॉन गलूची मोठेपणी निर्माता झाला आणि १९७० साली त्याने ‘स्टूजेस’चा ‘फन हाउस’ केला. त्याच स्टूजेसच्या १९७४च्या शेवटच्या मैफिलीत ‘लुई लुई’ वाजलं. लेनी के याने १९७२ साली ‘नगेट्स’ या दोन तबकड्यांच्या संचात सत्तावीस गाणी गोळा करून गॅरेजची विसरलेली सिंगल्स पुन्हा लोकांच्या हातात दिली. माझ्यासारख्या कित्येक जमवणाऱ्यांचं व्यसन तिथून सुरू झालं.

पैशाचा मागोवा कमी आनंदाचा आहे. बेरीने १९५९ साली लग्नाच्या खर्चासाठी गाण्याचे हक्क ७५० डॉलरना विकून टाकले होते. किंग्समेनची तबकडी गाजली तेव्हा तिच्यावर त्याचं नाव होतं, रॉयल्टी दुसऱ्यांकडे जात होती. १९८३ साली कॅलिफोर्नियातल्या केएफजेसी या कॉलेज रेडिओने ६३ तास सलग नुसतं ‘लुई लुई’ लावलं, आठशेहून जास्त आवृत्त्या, आणि बेरी स्वतः तिथे आला होता. त्या काळात तो सरकारी मदतीवर दिवस काढत होता. १९८६च्या सुमारास, एका पेयाच्या जाहिरातीला गाणं हवं झालं तेव्हा, वकिलांनी त्याला गाठलं आणि त्याच्या हक्कांचा मोठा वाटा त्याला परत मिळाला.

एलीची गोष्ट उलटी. तबकडी चढायला लागली तेव्हा तो बँडमध्ये नव्हताच. बँडचं नाव ईस्टनच्या आईने नोंदवलं होतं, त्या जोरावर ईस्टनने गायकाची जागा घेतली आणि एली बाहेर पडला. दौऱ्यांवर ईस्टन एलीच्या आवाजावर ओठ हलवत असे. वाद वकिलांपर्यंत गेला. तडजोडीनंतरच्या छपाईत वँड १४३च्या लेबलवर प्रमुख गायक म्हणून जॅक एलीचं नाव आलं. बाजारात भाव पहिल्या छपाईला जास्त मिळतो. मी मात्र नाव असलेलीच शोधतो.