दोन स्पीकर आणि तिसरी जागा



पश्चिम लंडनमध्ये राहणारे आपल्यातले पुष्कळ जण रोज एलिझाबेथ लाइननं कामाला जातात. साउथॉल आणि वेस्ट ड्रेटनच्या मध्ये हेझ अँड हार्लिंग्टन स्टेशन लागतं. तिथे आता फ्लॅट्सची एक नवी वसाहत आहे, 'द ओल्ड व्हायनिल फॅक्टरी' नावाची. बिल्डरनं हे नाव उगाच ठेवलेलं नाही. इथे ग्रामोफोन कंपनीचा, म्हणजे आपल्या ओळखीच्या एचएमव्हीचा, कारखाना होता. आजी-आजोबांच्या घरातल्या ज्या रेकॉर्डवर भोंग्यासमोर बसलेला कुत्रा असायचा, त्या कलकत्त्याजवळ दमदमला निघायच्या. दमदमचा मालक मात्र इथे हेझला बसायचा. बीटल्सच्या रेकॉर्डही इथेच निघाल्या.

१९३५ साली या कारखान्यातून बाहेरच्या रेल्वेमार्गाचं एक छोटंसं चित्रण झालं. वाफेची इंजिनं येतात, जातात, एवढंच. गोष्ट नाही, नट नाहीत. ते आजही पाहायला मिळतं. दोन स्पीकर नीट मांडून ते लावलं, तर पडद्यावर गाडी एका बाजूकडून दुसरीकडे जाते आणि तिचा आवाजही तिच्याबरोबर खोलीतून सरकत जातो. आज यात कुणाला नवल वाटणार नाही. पण काळ लक्षात घ्या. मराठीतला पहिला बोलपट, प्रभातचा 'अयोध्येचा राजा', येऊन तेव्हा जेमतेम तीन वर्षं झाली होती.

हा उद्योग करणाऱ्या इंजिनिअरचं नाव अ‍ॅलन ब्लमलाइन. आपण घरात ज्याला स्टीरिओ म्हणतो, त्याचा पाया यानं घातला. आजच्या भागात हा स्टीरिओ आपल्या दिवाणखान्यात कसा आला ते सांगणार आहे, आणि शेवटी तो मांडायचा कसा तेही. दोन्ही गोष्टी एकत्र सांगायचं कारण असं की मांडणीचे सगळे नियम त्या जुन्या संशोधनातच दडलेले आहेत. ते माहीत नसले की माणूस हजारो पौंड खर्चून दोन स्पीकर आणतो आणि एका स्पीकरचं काम करून घेतो.

ब्लमलाइनचा जन्म लंडनमधल्या हॅम्पस्टेडचा, १९०३ सालचा. १९२९ मध्ये तो कोलंबिया कंपनीत लागला आणि १९३१ साली कोलंबिया व ग्रामोफोन कंपनी एक होऊन ईएमआय झाली. त्याच वर्षी तो होणाऱ्या बायकोबरोबर सिनेमाला गेला होता, असा किस्सा सांगतात. पडद्यामागे एकच स्पीकर. नट डाव्या टोकाला जाऊन बोलला तरी आवाज आपला मधूनच. बाहेर पडताना तो तिला म्हणाला की आवाज माणसामागून फिरवायची युक्ती मला सापडली आहे. १४ डिसेंबर १९३१ रोजी त्यानं पेटंटचा अर्ज दाखल केला. त्यात ७० दावे होते.

दोन कानांना दोन आवाज ऐकवायची कल्पना मात्र त्याची नव्हे. १८८१ साली पॅरिसच्या विद्युत प्रदर्शनात क्लेमाँ आदेर यानं ऑपेराच्या रंगमंचावर टेलिफोनचे ट्रान्समीटर ओळीनं लावून, दुसऱ्या इमारतीत लोकांना दोन्ही कानांना दोन रिसीव्हर धरून गाणं ऐकवलं होतं. अमेरिकेत बेल लॅबनं एप्रिल १९३३ मध्ये फिलाडेल्फियाचा वाद्यवृंद तारेवरून वॉशिंग्टनच्या सभागृहात पोचवला, तीन वाहिन्या आणि तीन स्पीकर वापरून. ब्लमलाइनचं वेगळेपण असं की कानाला काही न लावता, फक्त दोन स्पीकरमध्ये काम भागवायचं त्यानं ठरवलं.

इथे थोडं थांबू, कारण खरी गंमत इथेच आहे. डावीकडून कुणी हाक मारली तर ती डाव्या कानाला आधी पोचते, उजव्या कानाला किंचित उशिरा. हा फरक एका मिलिसेकंदाहूनही कमी असतो, पण मेंदूला तेवढा पुरतो. आता समोर दोन स्पीकर ठेवा. अडचण अशी की डाव्या स्पीकरचा आवाज उजव्या कानालाही ऐकू येतो आणि उजव्याचा डाव्या कानाला. हेडफोनमध्ये असं होत नाही. म्हणून तर हेडफोनमधला गायक समोर बसत नाही, डोक्याच्या आत गातो. ही सरमिसळ म्हणजे बिघाड, असंच कुणालाही वाटेल. ब्लमलाइननं हिशेब मांडून दाखवलं की ती उपयोगाची आहे. दोन्ही स्पीकरमधून तोच आवाज एकाच वेळी सोडा, फक्त एकातला थोडा मोठा ठेवा. प्रत्येक कानाशी दोन्ही आवाज मिसळतात आणि या मिसळण्यातून, विशेषतः खालच्या सुरांत, दोन कानांमध्ये वेळेचा फरक तयार होतो, निसर्गात असतो तसाच. मेंदू फसतो. जिथे काहीही ठेवलेलं नाही अशा जागेतून आवाज येताना ऐकू येतो.

पण या हिशेबाला एक अट आहे. दोन्ही स्पीकरचा आवाज तुमच्यापर्यंत एकाच वेळी पोचला पाहिजे. म्हणजे ऐकणाऱ्याची खुर्चीही यंत्राचाच भाग झाली. दोन स्पीकर आणि ही तिसरी जागा. घरोघर नेमकी हीच विसरली जाते.

जानेवारी १९३४ मध्ये अ‍ॅबी रोड स्टुडिओत थॉमस बीचम वाद्यवृंदाकडून मोझार्टची 'ज्युपिटर' सिंफनी बसवून घेत होते, तेव्हा ब्लमलाइननं ती आपल्या पद्धतीनं मुद्रित केली. एकाच खाचेत दोन आवाज. रेकॉर्डची खाच इंग्रजी व्ही अक्षरासारखी असते. तिच्या एका भिंतीवर एक आवाज आणि दुसऱ्या भिंतीवर दुसरा, दोन्ही भिंती ४५ अंशांनी कललेल्या. हीही युक्ती त्या १९३१च्या पेटंटमध्ये होती.

एवढं सगळं तयार असताना कंपनीनं काय केलं? बाजूला ठेवलं. एमबीएच्या वर्गात आम्हाला बाजारात पहिलं उतरण्याचे फायदे घोकून घेतले होते. हे उदाहरण कुणी दिल्याचं आठवत नाही. पण ईएमआयला दोष द्यावा असं मला वाटत नाही. जागतिक मंदी चालू होती. लाखेच्या ७८च्या रेकॉर्डवर एका बाजूला चार-साडेचार मिनिटं मावायची आणि त्यात खरखर एवढी की दिशा राहू द्या, शब्द कळले तरी पुष्कळ. शिवाय कंपनीला टेलिव्हिजनची घाई होती आणि ब्लमलाइनसारखा माणूस तिकडे हवा होता. मग युद्ध आलं.

७ जून १९४२ रोजी एक हॅलिफॅक्स विमान हेरफर्डशरमध्ये कोसळलं. एचटूएस नावाच्या रडारची चाचणी चालू होती. विमानातले अकराही जण गेले. त्यात ब्लमलाइन होता. वय ३८, नावावर १२८ पेटंट. रडार गुप्त म्हणून अपघातही गुप्त राहिला, त्यामुळे मृत्युलेख वगैरे काही छापून आलं नाही. पुढे स्टीरिओच्या पेटंटची मुदतही संपली, आणि तोवर दुकानात एकही स्टीरिओ रेकॉर्ड आलेली नव्हती.

ती यायला आधी दोन-तीन गोष्टी घडाव्या लागल्या. १९४८ साली अमेरिकेत लाँग प्लेइंग रेकॉर्ड आली, खरखर कमी झाली. टेपवर दोन आवाज शेजारी शेजारी मुद्रित करणं सोपं होतं; ईएमआयनं १९५५ साली स्टीरिओ टेप विकायला काढल्या, पण त्या महाग. एमरी कुक नावाच्या अमेरिकन गृहस्थानं तर एकाच रेकॉर्डवर दोन स्वतंत्र खाचा कापल्या आणि दोन सुया असलेला दांडा वापरला. दोन्ही सुया एकाच क्षणी जागेवर टेकवायच्या! चिकाटी असलेल्यांनी ते केलंही.

आणि जागेचा प्रश्न होता. चांगला खर्ज हवा तर स्पीकरची पेटी फ्रिजएवढी लागायची. तसलं एक धूड घरात आणणंच कठीण, दोन कोण आणणार? १९५४ साली मॅसॅच्युसेट्समध्ये एडगर विल्चर आणि हेन्री क्लॉस यांनी अकूस्टिक रिसर्च ही कंपनी काढली. पेटी पूर्ण बंद करायची आणि आत कोंडलेल्या हवेलाच स्प्रिंगसारखं वापरायचं, ही विल्चरची कल्पना. त्यामुळे फळीवर मावेल अशा पेटीतून खर्ज निघू लागला. स्टीरिओच्या इतिहासात विल्चरचं नाव फारसं घेत नाहीत. माझ्या मते घरातल्या स्टीरिओवर ब्लमलाइनखालोखाल त्याचा हक्क आहे.

१९५७च्या अखेरीस ऑडिओ फिडेलिटी या अमेरिकन कंपनीनं स्टीरिओ रेकॉर्डचा नमुना लोकांसमोर आणला, वेस्ट्रेक्सच्या यंत्रावर कापलेला. खाच तीच, ४५ अंशांच्या दोन भिंतींची. रेकॉर्डच्या एका बाजूला जाझ होतं आणि दुसऱ्या बाजूला काय असावं? आगगाड्या. १९५८मध्ये अमेरिकेत आणि ब्रिटनमध्ये अशा रेकॉर्डची विक्री सुरू झाली.

आपण रेडिओवाले, तेव्हा रेडिओचं सांगायलाच हवं. १९५८ साली बीबीसीनं शनिवारी सकाळी स्टीरिओच्या चाचण्या सुरू केल्या. एक आवाज रेडिओवरून, दुसरा टेलिव्हिजनच्या ध्वनीवरून. श्रोत्यांनी रेडिओ आणि टीव्ही काही फुटांवर ठेवून मध्ये बसायचं. शनिवारी सकाळी टीव्ही सरकवणाऱ्या त्या कुटुंबांचं मला फार कौतुक वाटतं. एकाच लहरीवरून दोन्ही आवाज पाठवायची पद्धत अमेरिकेत १९६१ साली मंजूर झाली आणि बीबीसीनं ती १९६६पासून नियमित वापरली.

आपल्याकडे स्टीरिओ उशिरा पोचला आणि पोचला तो 'डेक' म्हणून. सत्तरीच्या शेवटी आणि ऐंशीत, आखातातून आलेल्या काकांबरोबर किंवा कर्ज काढून. डेक शोकेसमध्ये, दोन्ही स्पीकर त्याला चिकटून, वर क्रोशाचा रुमाल. किंवा एक स्पीकर हॉलमध्ये आणि दुसरा लांब वायर ओढून स्वयंपाकघरात, म्हणजे आईलाही ऐकू जावं. ब्लमलाइनचा सगळा हिशेब तिथे पाण्यात जायचा हे खरं, पण आईला गाणं ऐकू जायचं, हेही खरं. ज्या खोलीत मांडून बसायला जागा नाही तिथे लोक दुसरं काय करणार?

आता मात्र इथे आपल्याकडे फ्रंट रूम आहे. तेव्हा मांडणीकडे वळू.

दोन स्पीकरमध्ये दोन ते अडीच मीटर अंतर ठेवा आणि तुमची खुर्ची दोघांपासून तेवढ्याच अंतरावर. समभुज त्रिकोण. टेप घेऊन मोजा, नजरेवर जाऊ नका. खुर्ची एका स्पीकरच्या १५ सेंटिमीटर जवळ असली की त्याचा आवाज साधारण ०.४ मिलिसेकंद आधी पोचतो आणि मध्ये बसलेला गायक त्या बाजूला सरकतो. वरचे सूर काढणारा छोटा स्पीकर बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीवर हवा. इथल्या जुन्या घरांत फायरप्लेसच्या दोन्ही बाजूंना कोनाडे असतात आणि स्पीकर तिथे ढकलण्याचा मोह सगळ्यांना होतो. कोनाड्यात खर्ज घुमतो आणि तबल्याचा डग्गा ढोल होतो. भिंतीपासून निदान वीतभर, जमलं तर हातभर पुढे आणा. भिंत शेजाऱ्यांबरोबर सामायिक असेल तर हे दोन्ही घरांच्या भल्याचं आहे. लाकडी फरशीवर सतरंजी टाका.

तारा जोडताना लाल लालला, काळी काळीला. एका बाजूची उलटी झाली तर एक स्पीकर हवा ढकलतो तेव्हा दुसरा ओढतो. खर्ज नाहीसा होतो आणि आवाज नक्की कुठून येतोय ते कळेनासं होतं. महागड्या तारांच्या नादी लागू नका.

पारखायला मोनो रेकॉर्डिंग घ्या, पन्नाशीच्या दशकातलं कुठलंही भावगीत चालेल. दोन्ही स्पीकरमधून एकच आवाज जातो, म्हणून मांडणी बरोबर असेल तर गाणारा बरोबर मधोमध उभा राहतो, एका जागी, रेखीव. पसरट वाटला किंवा बाजूला वाटला तर स्पीकर थोडे आत वळवा, खुर्ची सरकवा, पुन्हा ऐका. अर्धा तास जाईल. मग एखाद्या बैठकीचं चांगलं स्टीरिओ ध्वनिमुद्रण लावा. पेटी एका बाजूला, तबला दुसऱ्या बाजूला, गवयाच्या मागे दोन तंबोरे, आणि कुठेतरी पुढच्या रांगेत 'वा' म्हणणारा एक माणूस. पुण्यातल्या किंवा दादरच्या त्या सभागृहाची जागा क्रॉयडनमधल्या खोलीत उभी राहते. सगळं एकाच डब्यातून काढणारा ब्लूटूथ स्पीकर चांगला असेल, सोयीचा तर आहेच, पण हे त्याच्यानं होत नाही. सूर तेच येतात, ते सभागृह येत नाही. इतक्या लांब राहणाऱ्या माणसाला त्या सभागृहाचंही मोल असतं.

आता आपण एक बैठकच लावणार आहोत. तंबोरे जुळताहेत तोवर खुर्ची मध्ये ओढून घ्या.