बिल्डरने बिल थकवलं, तर कंत्राटदाराला थेट बँकेकडून पैसे मागता येतात का?

इमारत अर्धी उभी आहे, प्रकल्पाला बँकेचं कर्ज आहे, पण बिल्डरने कंत्राटदाराची बिलं थकवली आहेत. अशा वेळी कर्ज देणाऱ्या बँकेकडे पैसे मागता येतील का? थोडक्यात उत्तर: सहसा नाही. असं का, ते समजून घेऊया.

बँक जबाबदार का नसते?

कंत्राट बिल्डर आणि कंत्राटदार यांच्यात झालेलं असतं. बँकेने त्यावर सही केलेली नसते. कंत्राटदाराच्या कामामुळे इमारतीची, म्हणजेच बँकेकडच्या तारणाची किंमत वाढते. तरीही केवळ बांधकाम केलं म्हणून त्या मालमत्तेवर त्याचा बोजा चढत नाही.

अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियात चित्र वेगळं आहे. तिथे कंत्राटदार मागणीच्या 125 टक्के रकमेचा बाँड देऊन कर्ज देणाऱ्या संस्थेला नोटीस बजावू शकतो आणि न वाटलेल्या कर्जातून आपली रक्कम रोखून धरायला लावू शकतो. भारतात अशी तरतूद नाही.

बँक कधी बांधील ठरते?

बँकेने लेखी हमी दिली असेल किंवा बिल्डर, बँक आणि कंत्राटदार असा त्रिपक्षीय करार असेल तर. 'काम चालू ठेवा, पैसे मिळतील' हे अधिकाऱ्याचं तोंडी आश्वासन कोर्टात टिकणं अवघड असतं.

बिल्डरविरुद्ध कोणते मार्ग आहेत?

- लवाद किंवा दिवाणी दावा: करारात लवादाचं कलम असेल, तर 1996 च्या लवाद कायद्याच्या कलम 9 खाली कोर्टाकडे अंतरिम संरक्षण मागता येतं. दाव्याची मुदत साधारण 3 वर्षं असते.
- एमएसएमई कायदा, 2006: सूक्ष्म आणि लघुउद्योगांचं बिल जास्तीत जास्त 45 दिवसांत द्यावं लागतं. उशीर झाला तर बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज लागतं. मात्र मजूर आणि माल एकत्र असलेली कामाची कंत्राटं यात बसत नाहीत, असं मुंबई उच्च न्यायालयाने म्हटलं आहे.
- दिवाळखोरी संहिता, 2016: बिल्डर कंपनी असेल आणि थकबाकी किमान 1 कोटी असेल, तर मागणी नोटीस देऊन 10 दिवसांनंतर एनसीएलटीकडे अर्ज करता येतो. बिलावर आधीपासूनच वाद असेल, तर अर्ज फेटाळला जाऊ शकतो.

दिवाळखोरीत कोण पुढे?

कर्जदात्यांच्या समितीत बँका आणि घर खरेदीदारांना मत असतं, कंत्राटदाराला नाही. कंपनी विकून पैसे वाटायची वेळ आली, तर तारण असलेली बँक रांगेत पुढे आणि कंत्राटदार बराच मागे असतो. त्यामुळे अर्ज मंजूर झाला म्हणजे पैसे मिळाले, असं नाही.

मग करायचं काय?

खरी ताकद सही करण्यापूर्वीच असते. कर्जाचा हप्ता एस्क्रो खात्यातून थेट कंत्राटदाराला मिळेल, अशी अट बँकेच्या सहीसह लिहून घ्यावी. प्रत्येक बिलावर मोजमाप आणि पोच घ्यावी. थकबाकी वाढत असेल, तर करारातल्या तरतुदीनुसार नोटीस देऊन काम थांबवावं. इमारत पूर्ण झाल्यावर हातात फारसं काही उरत नाही.