फॉन : हिवाळ्यात ऊब आणणारा डोंगरवारा

ऐन हिवाळ्यात दऱ्याखोरी बर्फाने झाकलेली असताना सोसाट्याचा कोरडा वारा सुटावा, काही तासांत तापमान दहा-पंधरा अंशांनी चढावे आणि छपरांवरील बर्फ वितळून वाहू लागावा, हा अनुभव आल्प्स पर्वतातील रहिवाशांना नवा नाही. या वाऱ्याला तेथे ‘फॉन’ म्हणतात. सौम्य पश्चिमवाऱ्याच्या ‘फेव्होनियस’ या लॅटिन नावापासून हा शब्द आला. जर्मन भाषेत केस वाळविण्याच्या यंत्रालाही हेच नाव मिळाले आहे.

पर्वत ओलांडून त्याच्या वातविमुख उतारावरून दरीत उतरणारा उष्ण व कोरडा वारा म्हणजे फॉन होय. भूमध्य समुद्राकडील हवा आल्प्स ओलांडून उत्तरेकडील दऱ्यांत उतरते, तेव्हा ‘दक्षिण फॉन’ वाहतो. ब्रेनर खिंडीच्या उत्तरेस वसलेले ऑस्ट्रियातील इन्सब्रुक आणि रॉइस नदीच्या खोऱ्यातील स्वित्झर्लंडचे आल्टडॉर्फ ही त्याची प्रसिद्ध ठिकाणे आहेत. उलट दिशेने इटलीकडील दऱ्यांत उतरणाऱ्या वाऱ्यास ‘उत्तर फॉन’ म्हणतात.

ही ऊब सहारा वाळवंटातून येते, अशी एकेकाळी समजूत होती. ऑस्ट्रियन हवामानशास्त्रज्ञ युलिउस हान यांनी १८६६ मध्ये तिचे खंडन केले. उष्णता दूरवरून येत नाही, ती हवेच्या उतरण्यातूनच निर्माण होते, हे त्यांनी दाखविले. खाली येणाऱ्या हवेवरील दाब वाढतो, ती आकुंचन पावते आणि दर किलोमीटरला सुमारे १० अंश सेल्सिअसने तापते. चढताना मात्र हवेतील बाष्पाचे पाणी होऊ लागले, की सुप्त उष्णता बाहेर पडते व हवा दर किलोमीटरला पाच-सहा अंशांनीच थंड होते. समजा, समुद्रसपाटीवरील १० अंशांची हवा १,००० मीटरवर शून्य अंशावर आली आणि तेथे ढग बनू लागले. दर किलोमीटरला सहा अंशांची घट धरल्यास ३,००० मीटरवर ती उणे १२ अंश होईल. तीच हवा पलीकडे ५०० मीटर उंचीच्या दरीत उतरली, की तिचे तापमान १३ अंश भरेल.

प्रत्येक फॉनला पावसाची गरज असतेच असे नाही. अनेकदा दक्षिणेकडील जड, थंड हवा पर्वतापाशी अडून राहते आणि वरच्या थरातील हवाच पलीकडे उतरते. ही हवा मुळात कोरडी असल्याने खाली येईपर्यंत चांगलीच तापलेली असते.

फॉनची चिन्हे स्थानिकांना परिचित आहेत. शिखरांवर ढगांची भिंत उभी राहते, दरीवरचे आकाश निरभ्र होते, भिंगाच्या आकाराचे ढग दिसतात आणि दूरचे डोंगर जवळ आल्यासारखे भासतात. हिवाळ्यात दरीच्या तळाशी थंड हवा साचलेली असते. तिला बाजूला सारीपर्यंत फॉन जमिनीवर पोहोचत नाही. त्यामुळे काही किलोमीटरच्या अंतरात एका गावी कडाका, तर दुसऱ्या गावी वसंत असे दृश्य दिसते.

या उबेचे लाभही आहेत. कुरणांवरील बर्फ लवकर हटतो आणि शरद ऋतूत ऱ्हाइनच्या वरच्या खोऱ्यातील द्राक्षे पिकण्यास मदत होते. परंतु ओला झालेला बर्फ उतारावरून सुटतो व हिमस्खलनाचा धोका वाढतो. सरोवरांवर अचानक वादळी लाटा उसळतात. म्हणूनच स्वित्झर्लंडमध्ये सरोवरांच्या काठी इशाऱ्याचे लुकलुकणारे दिवे बसविलेले आहेत. सर्वांत मोठे भय आगीचे. मे १८६१ मध्ये फॉन वाहत असताना ग्लारुस नगरात आग लागली आणि सुमारे ६०० इमारती भस्मसात झाल्या. १८९१ मध्ये मायरिंगेन गावावरही हीच आपत्ती ओढवली. फॉन सुटला, की गस्त घालणे आणि उघड्यावर आग पेटविण्यास मनाई करणे ही प्रथा अशा अनुभवांतून दृढ झाली. फॉनमुळे डोकेदुखी व चिडचिड होते असे अनेक रहिवासी सांगतात. त्याचे कारण मात्र निर्विवाद सिद्ध झालेले नाही.

उत्तर अमेरिकेतील रॉकी पर्वताच्या पूर्वेस याच जातीच्या वाऱ्याला ‘चिनूक’ म्हणतात. २२ जानेवारी १९४३ रोजी साउथ डाकोटातील स्पिअरफिश येथे अवघ्या दोन मिनिटांत तापमान उणे २० वरून ७ अंशांवर गेले. त्याच सकाळी पुढे वारा थांबताच अर्ध्या तासाच्या आत ते पुन्हा उणे २० अंशांवर आले. १९८८ मध्ये कॅनडातील कॅल्गरी येथे झालेल्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये चिनूकमुळे पारा १५ अंशांच्या वर गेला आणि वाऱ्यामुळे स्की-उडीच्या स्पर्धा पुढे ढकलाव्या लागल्या.

उतरणारी हवा तापते व कोरडी होते, हे तत्त्व महाराष्ट्रालाही लागू आहे. पावसाळी वारे सह्याद्रीच्या घाटमाथ्यावर कोसळतात आणि पूर्वेस उतरताना कोरडे होतात. महाबळेश्वरचा धुवांधार पाऊस वाईत पोहोचेपर्यंत ओसरतो, तो या पर्जन्यछायेमुळेच. आपल्याकडे हे तत्त्व पावसाच्या तुटवड्यातून जाणवते, आल्प्समध्ये ते भर हिवाळ्यातील उबेतून. त्या उबेला तेथील माणूस सहसा भुलत नाही. वारा सुटला, की तो आधी चुलीतला विस्तव आणि मग उतारावरचा बर्फ पाहतो.