मर्दना, मालीश आणि मांसधरा : हस्तोपचाराच्या शब्दांचा इतिहास

स्नायूंवर व त्यांच्या वेष्टनावर हाताने संथ, स्थिर दाब देऊन वेदना शमविण्याच्या उपचारास अमेरिकेत १९८० च्या दशकात ‘मायोफॅशियल रिलीज’ हे नाव रूढ झाले. तत्पूर्वी, १९५२ मध्ये, जॅनेट ट्रॅव्हेल व सीमोर रिन्झलर यांनी स्नायू व त्यांचे वेष्टन यांतून उद्भवणाऱ्या वेदनेवर निबंध प्रसिद्ध केला होता. हे वेष्टन, म्हणजेच ‘फॅशिया’, स्नायूंना व इंद्रियांना वेढून परस्परांशी जोडते. हा उपचार आपल्या पूर्वजांना अवगत होताच, असे विधान पुष्कळदा करण्यात येते. त्याची परीक्षा शब्दांच्या साहाय्याने करता येण्याजोगी आहे.

सुश्रुतसंहितेत या संदर्भात दोन स्थळे महत्त्वाची आहेत. चिकित्सास्थानाच्या चोविसाव्या अध्यायात अभ्यंग, उद्वर्तन व संवाहन यांचे गुण सांगितले आहेत. संवाहनाने श्रम व वात हरतात, निद्रा येते आणि मांस, रक्त व त्वचा प्रसन्न होतात, असे तेथे म्हटले आहे. शारीरस्थानाच्या चौथ्या अध्यायात सात कला वर्णिल्या असून, त्यांतील पहिली ‘मांसधरा’ होय. मांसातील सिरा, स्नायू व धमन्या यांचा विस्तार तिच्यात होतो. मांसधरेचे हे वर्णन ‘फॅशिया’ला जवळचे वाटते, हे खरे, परंतु संवाहनाचे गुण सांगताना ग्रंथकाराने मांसधरेचे नावही घेतलेले नाही. दोहोंचा सांधा आधुनिक वाचकाने जोडलेला आहे. शिवाय सुश्रुताचा ‘स्नायु’ म्हणजे बंधनकारक तंतू. आजच्या मराठीतील ‘स्नायू’ तो नव्हे. केवळ शब्दसाम्यावर विसंबून राहणे किती धोक्याचे आहे, हे यावरून ध्यानात येईल.

मराठीचा पुरावा विदर्भातच विपुल आहे. तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात ऋद्धिपूरच्या परिसरात म्हाइंभटाने सिद्ध केलेल्या लीळाचरित्रात ‘मर्दना’ हा शब्द वारंवार येतो. त्याच्या जोडीस बहुधा ‘मादणे’, म्हणजे स्नान, हा शब्द असतो. ही जोडीच बोलकी आहे. चक्रधरस्वामींच्या दिनक्रमात मर्दना ही प्रामुख्याने भक्तांनी करावयाची सेवा आहे. स्वतंत्र रोगोपचार म्हणून तिचे स्थान नाही. नागपूर विद्यापीठाचे कुलगुरू राहिलेले वि. भि. कोलते यांच्या १९७८ मधील संपादनामुळे ही भाषा अभ्यासकांस सुलभ झाली.

‘मर्दना’ हा शब्द संस्कृत ‘मृद्’ धातूचा. या धातूस प्राकृतात ‘मल’ हा आदेश होतो, असे हेमचंद्राने बाराव्या शतकात नोंदविले. त्यापासून मराठीत ‘मळणे’ आले. परंतु ते पीठ व धान्य यांच्याकडे गेले आणि शरीरासाठी ‘मर्दन’ हे तत्सम रूप उरले. फारसीतून आलेल्या शब्दांतही हीच विभागणी आढळते : घासणे या अर्थाच्या एकाच धातूपासून निघालेल्या दोन शब्दांपैकी ‘मलिदा’ स्वयंपाकघरात गेला, ‘मालीश’ आखाड्यात. कणीक तिंबणारा हात आणि दुखरे अंग रगडणारा हात यांचे नाते भाषेने असे जपून ठेवले आहे.

आता प्रश्न उरतो तो परिभाषेचा. १९४६ नंतर सुमारे दशकभर नागपुरात राहून डॉ. रघुवीर यांनी संस्कृत धातूंवरून पारिभाषिक शब्द घडविण्याचे प्रचंड कार्य केले. हिंदीत ‘फॅशिया’साठी ‘प्रावरणी’ हा शब्द आहे. तो मराठीसही चालण्यासारखा आहे. त्याच्या जागी ‘मांसधरा’ योजल्यास शब्दाबरोबर एक असिद्ध ऐतिहासिक दावाही स्वीकारल्यासारखे होईल. या उपचाराने काही रुग्णांस आराम पडतो. पण तो वेष्टन सैल झाल्यामुळेच पडतो की काय, याविषयी संशोधकांत मतभेद आहेत. अशा वेळी नावाने निर्णय देऊन टाकणे उचित नव्हे.

क्रियेसाठी मात्र मराठीस उसनवारीची गरज नाही. ‘चोळणे’ म्हणजे घर्षण, ‘रगडणे’ म्हणजे जोराचे घर्षण आणि ‘चेपणे’ म्हणजे हात न घासता दिलेला दाब. नव्या उपचारातील स्थिर दाबास ‘चेपणे’ हाच जवळचा शब्द आहे. हा भेद कोणत्याही संहितेने शिकविलेला नाही. दमून आलेल्या माणसाचे पाय ज्यांनी रोज चेपले, त्या अनाम हातांनी तो भाषेत ठेवला. परंपरेचा अभिमान बाळगावयाचा, तर त्याचा पहिला मान त्यांचा आहे.