निजलेल्या देहाचा खर्च

1993 चा श्रावण. परतवाडा सुटलं, सेमाडोह आणि हरिसाल मागे पडलं, आणि मेळघाटात, धारणीच्या पुढच्या एका कोरकू आदिवासी गावात तुम्ही बांधावर उभे आहात. समोर ज्वारीत निंदण चाललंय. ओणवी बाई विळ्यानं गवत काढतेय. मोहाच्या फांदीला झोळी, झोळीत तिचं तान्हं बाळ.

निजलेल्या देहाचा खर्च काढायचं, तुमच्या काळातलं एक सूत्र तुम्हाला पाठ आहे. 18 ते 30 वयाच्या भारतीय बाईचं वजन गुणिले 14, अधिक 471. ही बाई फार तर 40 किलोची, म्हणजे 1031 कॅलरी. दिवसभर ती नुसती पडून राहिली, तरी काळीज, फुप्फुसं, यकृत, मेंदू आणि अंगातली ऊब यांवर एवढा खर्च होणारच. कष्टाच्या दिवसाला 2.3 नं गुणा: सुमारे 2370. अंगावर पाजते, त्याचे आणखी सुमारे 500. एवढं भरून काढायला आठशे ग्रॅमहून जास्त ज्वारी लागेल, तिच्या एकटीला. घरात मागच्या सालचं धान्य सरत आलंय आणि नवं अजून शेतात उभं आहे.

तुम्ही झोळीत हात घालता. बाळाचं कपाळ तापलंय. ताप एक अंश सेल्सिअसनं चढला की निजलेल्या देहाचा खर्चही दहा टक्क्यांहून जास्त चढतो. बाळ हलत नाही, रडतही नाही, तरी जळतंय. याच वर्षी मेळघाटातल्या बालमृत्यूंनी राज्य हादरलंय.

आता बारा वर्षं मागे या. 1981, पुणे. संख्याशास्त्रज्ञ पां. वा. सुखात्मे आणि अर्थतज्ज्ञ वि. म. दांडेकर भुकेच्या मोजमापावर वाद घालताहेत. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी 1971 साली गरिबी मोजताना माणशी रोज 2250 कॅलरी धरल्या होत्या. सुखात्म्यांचं म्हणणं, एकाच माणसाची गरजही रोज बदलते, शरीर स्वतःला सावरून घेतं. सरासरीच्या खालचा प्रत्येक जण उपाशी धरू नका. संख्याशास्त्राच्या दृष्टीनं यात तथ्य आहे. पण तुम्ही निंदणातून आला आहात; हे सावरणं कशाच्या मोलानं होतं, तेही बघा. 1944-45 साली अमेरिकेत मिनेसोटात 36 तरुणांना महिनोन् महिने अर्धपोटी ठेवलं, तेव्हा त्यांचा विश्रांतीतला खर्च सुमारे 40 टक्क्यांनी उतरला. शरीर सावरलं खरं. पण मांस झडलं, अंगात सतत थंडी भरली, मन खचलं. अशा काटकसरीला निरोगीपण म्हणता येत नाही. वाढत्या मुलाच्या बाबतीत तर मुळीच नाही, कारण त्याची उंचीच खुंटते.

पुढे चला, 2015 च्या अखेरीला. आदिवासी भागातल्या अंगणवाड्यांत अमृत आहार योजना सुरू होतेय. गरोदर आणि स्तनदा मातेला दिवसातून एकदा चौरस गरम जेवण: भाकरी किंवा पोळी, भात, वरण, पालेभाजी, अंडं, शेंगदाण्याचा लाडू. निंदण करून आल्यावर त्या बाईनं नेमकं हेच खायला हवं होतं. ते ताट यायला 1993 पासून 22 वर्षं लागली.