सोलर हीटरला कॉइल लावलीय? मग बटण दिवसा बंद ठेवा

ढगाळ दिवस आले की छतावरचा सोलर हीटर नुसतं कोमट पाणी देतो आणि सकाळी घरात कुरकुर सुरू होते. म्हणून आता बरेच जण सोलरच्या टाकीत विजेची कॉइल बसवून घेतात. उन्हाने जेवढं तापेल तेवढं तापवायचं, उरलेलं विजेवर. यालाच हायब्रिड पद्धत म्हणतात.

हिशेब सोपा आहे. १०० लिटर पाणी २० अंशांवरून ४५ अंशांपर्यंत तापवायला साधारण ३ युनिट वीज जाते. तेच पाणी सोलरने ३५ अंशांपर्यंत आणलं असेल तर सव्वा युनिटमध्ये भागतं.

पण हा फायदा अनेक घरांत एका बटणामुळे वाया जातो. कॉइल चोवीस तास चालू असते. सकाळच्या आंघोळी झाल्या की टाकीत गार पाणी भरतं, थर्मोस्टॅट लगेच कॉइल सुरू करतो आणि ऊन चढेपर्यंत पाणी विजेनेच तापून बसतं. मग सूर्याला कामच उरत नाही! बिल वाढतं आणि दोष मात्र सोलरला. त्यामुळे कॉइल पहाटेच लावावी, तीही पाणी हाताला कोमट लागलं तरच. २ किलोवॅटच्या कॉइलला १०० लिटर गार पाण्यासाठी दीड तास लागतो, कोमट पाण्याला अर्धा-पाऊण तास पुरतो. आंघोळीला जाण्याआधी बटण बंद करायचंच. अर्थिंग आणि आरसीसीबी नसेल तर कॉइल लावूच नये; शॉक बसला तर जिवावर बेततं.

बोअरचं पाणी जड असेल तर कॉइलवर क्षारांचा पांढरा थर चढतो. पाणी तापायला वेळ लागतो, शेवटी कॉइल जळते. ती अधूनमधून काढून साफ करून घ्यावी. नवीन सोलर घेताना अशा पाण्याला तांब्याच्या बारीक पाइपांपेक्षा काचेच्या नळ्यांचा बरा.

पहाटे लाइट नसते तिथे अंगणातला जुना बंब अजूनही कामाचा. त्यात सोलरचं कोमट पाणी ओतलं तर निम्म्याहून कमी लाकडात भागतं. मात्र बंब नळाच्या बंद लाइनला जोडू नये, वाफेला बाहेर पडायला वाट हवी.

जोडीला गॅस गीझर घ्यायचा असेल तर तो बाथरूमच्या बाहेर, मोकळ्या हवेतच बसवावा. बंद खोलीत त्यातून कार्बन मोनॉक्साइड साचतो. त्याला वास नसतो, त्यामुळे आत असलेल्या माणसाला कळतही नाही.